परवानगी

इंदोऱ्याचं वाचनालय, मे महिना.
रंगारीकाकांनी कूलरचं तोंड
माझ्याकडून काढून सर्व्हरच्या डब्याकडे वळवलं.
"तो तापून राहिला. तू घाम पूस."

काळ्या पडद्यावर लिनक्स उतरलं,
डेटाबेस बसला,
मग एका फोल्डरच्या दारात गाडं अडलं.
इंग्रजीत म्हणालं: परवानगी नाही.

काकांनी चष्मा वर सरकवून
ओळ दोनदा वाचली.
"हे बोलणं ओळखीचं आहे बावा.
कोण नाही म्हणून राहिला?"

पाहिलं, तर फोल्डर भलत्याच्याच नावावर.
एक ओळ लिहिली. मालकी वाचनालयाची केली.

साडेतीनला लाइट गेली.
आली, तसा सर्व्हर आपणहून उठला.
काकांनी एका बोटानं टाइप केलं:
दाखल क्रमांक एक.
शेरा: शेवटची चार पानं नाहीत,
पण गोष्ट कळते.