सुट्टी वाढली

रात्री पावणेदहाला फोन टिंग करतो.
शाळेच्या ग्रुपवर कलेक्टरचा आदेश:
शीतलहर, पाचवीपर्यंतच्या शाळा बुधवारपर्यंत बंद.
कणाद पलंगावर उभा राहून
कलेक्टरसाहेबांचा जयजयकार करतो,
आणि जाई, जी अजून शाळेत जातच नाही,
ती त्याच्याहून मोठ्यांदा.
डब्यासाठी निवडलेली मेथी
मी परत फ्रीजमध्ये ठेवते.
ही तिसरी वाढ.

सकाळी खिडकीत काही नसतं.
भदौरियांची टाकी नाही, विजेचा खांब नाही,
किल्ला तर नाहीच.
जाई नाकाने काच पुसते.
"आई, किला गया?"
गेला म्हण.
"किला गेला?"
किल्ला.
"किल्ला गया?"
मी सोडून देते. दूध उतू चाललेलं असतं.

बादलीत रॉड आहे, तिकडे जायचं नाही.
हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणते
की घरात पोपट असता तर एव्हाना शिकला असता.
आंघोळीचा प्रश्न मतदानावर जातो.
तीन विरुद्ध एक, मी हरते.
त्या तिघांत यांचाही हात वर,
कानटोपी, मफलर, चहाचा कप, सगळ्यासकट.

अकराला धुकं जरा विरतं
आणि आम्ही गच्चीवर चटई नेतो.
ऊन आधी जिन्याच्या तोंडाशी उतरतं,
मग कपड्यांच्या दोरीखाली येतं,
मग टाकीची सावली त्याला कोपऱ्यात रेटते.
त्याच्यामागे आम्ही चटई ओढत:
दोन किलो मटार, पाढ्यांची वही,
आणि चटईवरून उतरायला तयार नसलेली जाई.
"गाडी ग्वाल्हेरहून सुटली!" कणाद ओरडतो.
इंजिनही तोच, टीसीही तोच.
मुरैन्याला गजक मिळते, एक-एकच.
धौलपूरला मटार सोलतात.
आग्र्याला ऊन संपतं.

शेंगेत किती दाणे, ते तो वहीत मांडतो.
सात, सहा, आठ, पाच, परत सहा.
नऊ दाण्यांची निघाली तेव्हा
ती भिंतीवरून भदौरिया काकींना दाखवायला नेली.
त्यांनी चष्मा लावून नीट मोजली,
"पूरे नौ!" म्हणाल्या,
आणि बथुव्याच्या रायत्याची वाटी इकडे दिली.
शेंग कुणाची झाली यावर
जेवणापर्यंत मारामारी.

मी डोक्यावरून टॉवेल घेऊन
लॅपटॉपवर दौलतगंजच्या कापडवाल्याचे हिशेब करते.
उन्हात स्क्रीन दिसत नाही, सावलीत बोटं चालत नाहीत.
टॉवेल उचलून एक तोंड आत येतं.
"अंदर काय आहे?"
हिशेब.
"मला पण हिशेब."
ती मांडीत बसते, केसांना उन्हाचा वास,
श्वासाला कच्च्या मटारचा,
आणि एका बोटाने चारचा आकडा दाबून धरते.
कापडवाल्याला चव्वेचाळीस कोटींचा फायदा होतो.
मी लगेच पुसत नाही.
थोडा वेळ राहू दे म्हटलं त्याच्याकडे.

रात्री एका रजईत चौघं.
रजई सगळ्यांना पुरते, कडेच्याला पुरत नाही,
आणि कडेला नेहमी मीच.
जाईचे गार पाय माझ्या पोटावर
आपापली जागा शोधून घेतात.
कणाद अंधारात विचारतो,
"आई, कलेक्टरसाहेब चटई कुठे टाकत असतील?"
हे झोपेतच उत्तर देतात, "बंगल्यावर."
मग बराच वेळ कुणी बोलत नाही,
फक्त उशाशी एका मोज्यातून
मटारचे दाणे गळत राहतात, एकेक.

बुधवारी रात्री फोन वाजला नाही.
कणादने दोनदा उचलून पाहिला,
एकदा कानाला लावून.

गुरुवारी रिक्षा गेली
आणि ऊन जिन्याच्या तोंडाशी आलं.
"किल्ला आ गया," जाई म्हणाली,
पण खिडकीशी थांबली नाही.
चटईचं एक टोक धरून एकटीच ओढत होती,
एकेक पायरी, धापा टाकत.
वर जाऊन बसली मधोमध.
गाडी हलेना.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी लॅपटॉप मिटला, पदर खोचला,
आणि म्हटलं, हे बघ बाई,
मला फक्त मुरैन्यापर्यंतच जमेल.