मठार

आश्विन सरताना पुण्यात ऊन
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखं
परत येतं. दाराशीच थांबतं, पण
थांबतं चांगलं तीन आठवडे.

म्हणून सव्वासहाला निघायचं.
पेशवे पार्काचं फाटक अर्धं उघडं,
सप्तपर्णीचा रात्रीचा वास अजून
भिंतीवरून उतरलेला नाही,
आणि बाकावर बागवानबाई
माझ्याआधी. नेहमीच माझ्याआधी.
एकतीस वर्षं ससूनमध्ये रात्रपाळ्या केल्या,
झोप तेव्हाच गेली, म्हणतात, आता कुठून आणू.

परवा धोबी आला.
हिमालय ओलांडून आला
आणि उतरला कुठे, तर
पाण्याच्या टाकीच्या गळतीपाशी.
शेपूट वरखाली, वरखाली,
वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन आलेल्या माणसासारखा,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
गळती दुरुस्त होऊ नये
असं मला पहिल्यांदाच वाटलं.

सातभाई मोजले. नऊ भरले.
सातच धरायचे, बाई म्हणाल्या,
वरचे दोन पाहुणे.

जिथे पिंजरे होते, तिथून जाताना
मी अजून आवाज खाली आणतो.
आत कोणी नाही. एक मुंगूस
सावकाश रस्ता ओलांडतं,
मागे वळून बघतही नाही,
जागा नावावर असल्यासारखं.

हे सगळं दिसतं मला. ऐकू येत नाही.
उजवा कान मी तांबट आळीतच ठेवून आलो,
डावा निम्मा.
शेजारी काका, समोर वडील, मधे हंडा,
दिवसभर ठोके. तांब्यावर मठार काढायचं
म्हणजे एका ठोक्याला खेटून दुसरा,
मधे नखाएवढी जागा सुटता कामा नये,
आणि सुटली तर वडील काही बोलत नसत,
नुसता हंडा फिरवून
सुटलेली जागा उजेडाकडे धरत.

आज बाई एकदम थांबल्या.
बोट वर. मान तिरकी.
कोण आहे, मी विचारलं.
तुमच्यातलाच. तांबट.

हसलो. मग मान वर करून
पिंपळ, उंबर, पुन्हा पिंपळ,
सगळ्या फांद्या चाळल्या.
ऊन डोळ्यांत. काहीच नाही.
तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं,
सवयीने आधी नाडी शोधली,
सापडली असावी, कारण मान हलवली,
आणि तिथेच दोन बोटांनी
हळू वाजवायला लागल्या.

टुक. टुक. टुक. टुक.
अकरा. मग थांबला.
पुन्हा सुरू. चौदा.

हात सरळ आहे, मी म्हणालो,
पण मधेच दमतो. शिकाऊ असणार.

आणि मग दिसला.
वाळक्या शेंड्यावर, मुठीएवढा,
प्रत्येक ठोक्याला गळा फुगवणारा,
मान एकदा या बाजूला, एकदा त्या,
चोच मात्र बंद.
कपाळावर लाल, छातीवर लाल,
उरलेला हिरवा, अगदी जुन्या तांब्यावर
चिंचेचा हात फिरला नाही
की चढतो तसा.

कुठे, कुठे, बाई विचारत होत्या.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे त्यांच्या,
दिवाळीनंतर बघू म्हणून तिसरी दिवाळी.
मी त्यांचा हात धरून शेंड्याकडे नेला.
दिसलं का?
हिरवं दिसतंय, त्या म्हणाल्या,
तसं इथे सगळंच हिरवं आहे.

निघताना मोज्यांना आघाडा चिकटलेला.
बाकावर बसून एकेक बी काढत राहिलो.
बाई पुढे गेल्या, धोब्याला बघायला,
म्हणजे त्याची चिकचिक ऐकायला.
मनगटावर अजून
कोणीतरी काम करत होतं.
मी हात उलटा केला,
उजेडाकडे धरला.