रिकामा फुगा

रामबागेतल्या वाचनालयाचा वरचा हॉल.
पंचवीस खुर्च्या सांगितल्या होत्या, एकोणचाळीस लागल्या.
मुंगीने टेबलावर पेन्सिल आडवी ठेवली,
म्हणजे बोलायचं मी,
चित्रकार नुसता हसणार.

पहिला प्रश्न अर्थातच फुग्याचा.
‘भोंगा’, अंक एकोणीस, शेवटचं पान:
आपला नायक बंद गिरणीच्या धुराड्यावर,
खाली सगळं इंदूर टिकलीएवढं,
आणि तोंडापाशी फुगा. पांढरा. कोरा.
का?

चष्मेवाला मुलगा वही घेऊन उभाच होता.
त्याच्या मते ती कामगारांची दाबलेली वाचा,
ज्याच्या आवाजावर शहर घड्याळं लावायचं
त्याचाच आवाज गेला, वगैरे.
मी मान डोलावली. तीस वर्षं डोलावतोय.
इतका चांगला अर्थ फुकट मिळत असताना
नको कोण म्हणेल?

खरं असं, की वाक्य सुचलं नव्हतं.
सहा लिहिली, सहाही खोडली.
एकात तो शपथ घेत होता, एकात चक्क सुविचार.
मल्हारगंजातला छापखानेवाला घड्याळ दाखवत होता
आणि अक्षरं काढणारा बाबूलाल म्हणाला,
‘भिया, मैं तो जा रिया, छोरे को ताप है.’
गेला.
फुगा राहिला.

हे आज सांगून टाकलं.
वय असेल, किंवा चहा कडक होता.
मुलाने वही मिटली नाही, पेन मात्र खिशात ठेवलं.
मुंगीने वळून पाहिलं माझ्याकडे.
त्यालाही मी तेव्हा अर्थच सांगितला होता.

मग मागच्या रांगेतून सुनंदा बोराडे.
वडील गिरणीत, विणकाम खात्यात; ह्या दवाखान्यात नर्स.
पर्समधून अंक काढला,
शेवेच्या तेलाने कव्हर आरपार दिसणारं.
‘रिकामी जागा भरा, असं शाळेत असायचं ना,
मला वाटलं हेही तसंच.
नऊ वर्षांची होते.’

फुग्यात पेन्सिलीने, रेघेबाहेर सांडलेलं:

मला खाली उतरता येत नाही.

हॉल हसला.
मी पुन्हा वाचलं.
चढवला होता मीच त्याला, एका रात्रीत, चार चौकटींत.
उडण्याची शक्ती मुद्दाम दिली नव्हती,
तिसऱ्या अंकात ठासून सांगितलं होतं: भोंगा उडत नाही.
मग उतरणार कसा
हे मला, मुंगीला, छापखान्याला
कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं.
विसावा अंक निघाला नाही.
पैसे संपले, असं आम्ही सांगतो. तेही खरंच.

पुढचा प्रश्न: त्याचा अंगरखा जांभळा का?
ह्यावेळी मुंगीने पेन्सिल उचलली.
‘निवडणुकीच्या पोस्टरांची शाई उरली होती,’ म्हणाला,
आणि हॉलने ते मात्र लिहून घेतलं.

सुनंदाबाई अजून टेबलापाशी.
मी खिशातून पेन काढलं.
‘सही नको,’ त्या म्हणाल्या,
‘अंक तेवढा परत द्या.’