हिरवी नखं

म्युस्यो व्हारेन रात्र रात्र सलोंमध्ये बसतात,
कोपऱ्यातली खुर्ची, गुडघ्यावर वही.
पहाटे त्यांचा पोऱ्या चित्रं आणून टाकतो कारखान्यात;
कागदाला अजून सिगारचा वास असतो.

आम्ही अकरा जणी. पत्र्याचे साचे, कुंचले, वाट्या.
ओदील गाल रंगवते. माझ्याकडे हिरवा.
हिरव्याला या वर्षी उसंत नाही:
आबसांतचे पेले, मोरपिसं,
कंटाळलेल्या बॅरनच्या डोळ्यांखालची कड.
खाली व्हारेन तिरक्या अक्षरात लिहितात
की हे शतक म्हातारं झालंय
आणि झोपायचं नाव घेत नाही.
मी वाचते. मला पाचला उठायचं असतं.

नोव्हेंबरात ते स्वतः आले, छपाई बघायला,
आणि माझी बोटं बघत राहिले.
"धुतल्यावर जात नाही?"
नाही, म्हटलं, लिंबानंही नाही. पावही कडू लागतो.
त्यांनी वही काढली.

पुढच्या अंकात एक डचेस,
तळव्यावर हनुवटी टेकलेली, नखं हिरवीगार.
खाली ओळ: विष आता शोभू लागलंय.
ती नखंही मीच भरली. नऊशे वेळा.

वसंतात ऑपेराच्या पायऱ्यांवर
बायका हातमोजे काढून दाखवत होत्या एकमेकींना.
डबी मिळते म्हणे, अकरा फ्रँकला.
ओदील हसली, मग खोकतच राहिली.

पुलावर एकीनं माझा हात धरला:
किती गडद गं! कुठून घेतलास?
मी गल्लीचं नाव सांगितलं,
मागचा जिना, तिसरा मजला.

अजून कुणी आलेलं नाही.