वर्णन अपुरे

एक्केचाळीस वह्या. विषय : आमच्या परिसरातील एक ठिकाण.
कोपरखैरणे, रात्रीचे साडेदहा, कुकर अजून घासायचा आहे.
पहिल्या वहीत सूर्य डोंगराआडून वर येतो
आणि सोनेरी किरणांची उधळण करतो.
दुसऱ्या वहीत तोच सूर्य, तोच डोंगर.
आठवीत झुळझुळ वाहणारा झरा.
झरा?
आपल्याकडे नाला आहे, बाळांनो.
त्याला जाळी आहे, जाळीत एक निळी चप्पल अडकली आहे,
जूनपासून बघते मी तिला येता-जाता.
तिच्यावर एक तरी वाक्य लिहायचं कुणी.

शिकवलं मीच होतं.
डोळे, कान, नाक, जीभ, कातडी – सगळ्यांना कामाला लावा.
आधी लांबून बघा, मग जवळ जा.
विशेषण मिठासारखं, चिमटीतून.
'निसर्गरम्य' दिसलं की एक गुण गेला.
आणि बघा, म्हणत खिडकीबाहेर बोट केलं
तेव्हा एक्केचाळीस माना
माझ्या बोटाकडे वळल्या.

सत्ताविसावी वही सुयश ढेबेची. सहा ओळी.

मसाला मार्केटात सगळे शिंकतात, पप्पा शिंकत नाहीत.
मिरचीचं पोतं मोठं असतं पण हलकं, हळदीचं लहान पण जड.
पप्पांच्या पाठीवर पोत्याची जागा आहे, तिथे केस येत नाहीत.
घरी आल्यावर ते आधी हात धुतात, मग साबण धुतात.
तरी ताई रडली तर तिचे डोळे आईलाच पुसायला सांगतात.
मला मार्केट एवढंच माहीत आहे.

मी लाल पेनानं लिहिलं :
वर्णन अपुरे. शंभर शब्द कमी. शेवट नाही.
दहापैकी चार.
मग कुकर घासला आणि झोपले.

शनिवारी तुर्भ्याला गेले, वर्षाच्या मसाल्याचं सामान आणायला.
बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक, धणे, दगडफूल.
गाळ्यात शिरले आणि अकरा वेळा शिंकले.
दुकानदार हसला, पहिल्यांदा आलात वाटतं.
समोरून पाठीवर पोतं घेतलेला माणूस आला,
शिंकला नाही.
पोतं टाकून नळावर गेला,
हात धुतले,
आणि मग साबणाची वडी पाण्याखाली धरून
अंगठ्यानं फिरवत राहिला,
लाल पाणी संपेपर्यंत.

ढेबे का, असं मी विचारलं नाही.
तिथे अर्धी जावळी राबत असेल.
पिशवी हातात धरून उभी राहिले नुसती,
मागून हातगाडीवाला ओरडला, बाई, बाजूला.

रात्री वर्गासाठी नमुना निबंध लिहायला बसले.
बाजार गजबजला होता – खोडलं.
मसाल्यांचा घमघमाट – खोडलं.
कष्टकऱ्यांच्या घामाचे – पुढे लिहिलंच नाही, लाज वाटली.
उरला एक नळ, एक साबण,
आणि तो त्याचा होता, माझा नाही.
मी खिडकीकडे बोट केलं होतं,
तो कधीच बाहेर जाऊन आला होता.

सोमवारी मी काही बोलायच्या आत
सुयश टेबलाशी आला.
सुधारणा केली, मॅडम.
सहा ओळींखाली निळ्या शाईत, मोजून शंभर शब्द :
पोत्यांच्या थप्पीमागून सूर्य उगवत होता,
सोनेरी किरणांची उधळण होती,
पक्षी किलबिलत होते मिरच्यांवर,
आणि शेवटही होता,
असे हे आमचे निसर्गरम्य मार्केट मला खूप आवडते.

वर्ग गप्प. कुणीतरी डबा उघडला, आत लोणचं होतं.

मी लाल पेन त्याच्या हातात दिलं.
तूच खोड.
कुठून, मॅडम?
सूर्यापासून.

त्यानं पट्टी लावली, एकेक ओळ सरळ खोडली,
शिक्षा असल्यासारखी नीट.
सूर्य गेला. पक्षी गेले. मार्केट राहिलं.
मग पट्टी वर सरकवली
आणि माझ्या अक्षराखाली धरून विचारलं,
हे पण?