बिनबुडाचं

रात्री पावणेदोनला सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत
इरेशम उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.
केसपेपरवर आधी लिहिलं : पोटात दुखतं.
मग खोडून : घसरून पडलो.
मग पडद्याआड माझ्या कानाशी, तेलुगूत.
मला ती अर्धीच कळते,
पण त्या वाक्याला तेवढी पुरली.

एक्स-रेत लाकूड नीट दिसत नाही.
दिसल्या नुसत्या तीन लोखंडी कड्या,
अंगठ्यांसारख्या, एकीखाली एक.
कांडी. मागावरची.
वीस वर्षं बोटांत फिरलेली, गुळगुळीत,
म्हणून विश्वासाची वाटली असेल.

शिकाऊ डॉक्टर हसू दाबत बाहेर गेला.
मी नाही हसलो. बावीस वर्षांत
बाटल्या पाहिल्या, मेणबत्त्या पाहिल्या,
एकदा टॉर्च. चालू.
आणि प्रत्येकाचं एकच : पडलो, ब्रदर.
सोलापुरात माणसं फार पडतात.

पहाटे भूल देऊन काढली. पोट उघडावं लागलं नाही.
त्याला म्हटलं, एक शहाणपण केलंस बे,
घरी चिमटा घातला नाहीस,
जुलाबाचं औषध ढोसलं नाहीस,
लाजून दोन दिवस काढले नाहीस.
तो भिंतीकडे बघत राहिला.

सकाळी नागमणी आली. बोटं तंबाखूनं पिवळी,
पिशवीत अर्ध्या वळलेल्या विड्यांचं सूप.
स्टूल ओढलं, बसली, आणि बाजारात विचारावं तसं :
"ब्रदर, मग घ्यायचं तर कसलं घ्यायचं?"

इरेशमनं चादर डोक्यावर ओढली.

मी दार लोटलं. म्हटलं, आधी बूड बघा.
धोट्याला मागाच्या दोन्हीकडे पेटी असते, अडवायला.
इथं आत पेटी नाही. गेलं ते जातच राहतं.
बाहेर राहणारं बूड रुंद हवं, आत जाईल त्याहून रुंद,
बिनबुडाचं काही म्हणता काही नको.
"आणि कशाचं?"
सिलिकॉनचं, अंगाला चालणारं. वास मारतं, चिकट लागतं
ते स्वस्त रबर नको, त्याला छिद्रं असतात,
कितीही धुवा, घाण आत राहते.
"कच्च्या रंगाच्या चादरीवानी," ती म्हणाली.
हो. तसंच.

"खोबरेल?"
कंडोम चढवणार तर नाही, फाटतो तो.
पाण्याचं जेल घ्या, मेडिकलात मिळतं,
पुरेसं वाटेल त्याच्या दुप्पट.
लहानापासून सुरुवात. घाई नाही.
"अन् बधिर करायचं मलम असतंय की?"
ते तर मुळीच नको.
दुखणं हा तिथला वॉचमन आहे, बाई.
तो ओरडला की थांबायचं. त्याला झोपवायचं नाही.

वापरून झालं की साबणानं धुवायचं,
न धुता पुढच्या जागी न्यायचं नाही.
रक्त थांबेना, ताप आला, पोट कडक झालं,
तर रात्र असो, सणाचा दिवस असो, इथं यायचं.
आणि आत्ता काहीच नाही, डॉक्टर सांगेस्तोवर.

चादरीखालून आवाज आला, "पुरे की आता."
"तू गप," ती म्हणाली, "कांडी कुणाची होती?"
आणि चादर हलायला लागली.
मला वाटलं रडतोय.
हसत होता. टाके नव्हते म्हणून बरं.

दोन महिन्यांनी अशोक चौकात दोघं दिसली,
शेंगाचटणी घेताना. तो दुकानाच्या पाटीवरची अक्षरं
एकेक करून वाचायला लागला.
ती जवळ आली, हळूच :
"बूड हाय, ब्रदर. दोनदा बघून घेतलं."

घरी आलो. एकट्याच्या खोलीचं कुलूप काढलं.
कपाटात, खालच्या कप्प्यात, स्वच्छ फडक्यात...
असो.

तिनं सगळं विचारलं त्या दिवशी,
एवढंच विचारलं नाही :
तुम्हाला कसं ठाऊक?
वॉर्डात शिकलो, म्हटलं असतं.
पडलो म्हणतात, तसंच.