शिळं पाणी

टेकडीवरच्या टाकीपासून
एलेउतेरिओ ओयार्सोच्या नळापर्यंत
चार किलोमीटर, दोनशे मीटर.
त्यापुढे पाइप नाही. खाडी आहे.

चिलोए बेटावरची ही आमची चौऱ्याहत्तर घरांची पाणी-समिती.
पंपाची किल्ली माझ्या गळ्यात असते,
आणि दर मंगळवारी मी, दोमितिला मान्सिया,
लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरते.
नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा.
मग कुपी, दहा मिलिलिटर.
मग गोळी, बोट न लावता.
झाकण. हलवणं.
मग रंगाची वाट.

बाळाच्या नखाइतका गुलाबी आला तरी पुरे,
टाकीत घातलेलं क्लोरिन वाटेत संपलं नाही
एवढंच तो सांगतो.
शाळेत गुलाबी. चर्चमागे गुलाबी.
बार्रियांकडे जरा गडद,
त्यांची सून नाक मुरडते, चहाला वास येतो म्हणते.
येऊ दे.
वास येतोय तोवर मी कामावर आहे, असं समज.

म्हाताऱ्याकडे मात्र कुपी कोरीच राहायची.
एकटा जीव. एक किटली, एक बशी,
रविवारी दाढी.
त्याच्या वाटचं पाणी चार-चार दिवस
पाइपातच पडून.
"पाणी कसं शिळं होईल, बाई?
पाव होतो. बातमी होते. मी झालो."
मी वहीत आकडा लिहायचे
आणि रस्त्याकडेचा व्हॉल्व्ह उघडायचे:
आधी तांबडं, गंजाचं,
मग दुधी, हवेचं,
मग नितळ.
वीस मिनिटं चांगलं पाणी गटारात.
तो दारात उभा, हळहळत.
"फेब्रुवारीत टँकर मागवता, आणि आता हे!"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

मग जूनपासून त्याची कुपी गुलाबी येऊ लागली.
व्हॉल्व्हला हात लावायच्या आधीच.
मी गोळ्यांची तारीख तपासली.
चर्चमागचं पाणी त्याच कुपीत घालून पाहिलं.
पाइपाचा नकाशा काढून बसले रात्री.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

बटाट्यांच्या वाफ्यात मुरत होतं.
एका मंगळवारी धुक्यात तासभर लवकर पोचले,
तर हा लोकरी टोपी घालून
बादलीमागून बादली ओततोय,
आत नळ धो धो सोडलेला.
मला बघून बादली पाठीमागे लपवली,
भरलेली बादली. पायजमा भिजला.

"तुझं तोंड उतरतं गं
कुपी कोरी राहिली की."

नऊ आकडे मी लाल शाईने खोडले.
समोर सही केली, कारण लिहिलं:
'नमुन्याआधी नळ सोडलेला.'
एवढंच. टोपीबद्दल काही लिहिलं नाही.
त्याला म्हटलं, रोज ओता. रोज चार बादल्या,
मग मला गटारात ओतावं लागणार नाही.
तो म्हणाला, "बाकीच्या दिवशी
बघायला कोण येतं?"

आता मी कधी बुधवारी जाते, कधी शनिवारी.
न सांगता.
नियमातही तसंच आहे.